शास्त्रीय व्यवस्थापन : मोजमापाचा प्रश्न

फ्रेडरिक विन्स्लो टेलर (१८५६–१९१५) या अमेरिकन अभियंत्याने शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे विशद करणारा आपला ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध केला. त्यास शंभरांहून अधिक वर्षे लोटली. तथापि त्याने उपस्थित केलेला प्रश्न अद्याप शिळा झालेला नाही. एखादे काम कसे करावे आणि एका दिवसात किती करावे, हे रूढीने व मुकादमाच्या मर्जीने ठरावे, की निरीक्षणाने व मोजमापाने? टेलरचा कौल अर्थातच मोजमापाच्या बाजूने होता. हा विचार नेमका काय होता, मुंबईच्या कापडगिरण्यांत त्याची काय गत झाली आणि आजच्या कार्यस्थळांच्या दृष्टीने त्यातून काय निष्पन्न होते, याचे संक्षिप्त विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

टेलरच्या विचाराची मुख्य अंगे चार. कामाच्या प्रत्येक घटकाचे शास्त्र तयार करणे, हे पहिले. त्या शास्त्रानुसार कामगाराची निवड करून त्यास शिक्षण देणे, हे दुसरे. कामगार व व्यवस्थापक यांचे सहकार्य, हे तिसरे. आणि योजनेची जबाबदारी व्यवस्थापकाने व अंमलबजावणीची कामगाराने घ्यावी अशी विभागणी, हे चौथे. बेथलेहेम पोलाद कारखान्यातील त्याचे उदाहरण प्रसिद्धच आहे. तेथे सुमारे ९२ पौंड वजनाचे बिडाचे ठोकळे उचलून गाडीत भरणारा मजूर दिवसाकाठी साडेबारा टन माल भरीत असे. विश्रांतीच्या वेळा व हालचाली ठरवून दिल्यावर तो ४७ टन भरू लागला आणि त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली, असे टेलर सांगतो. हा वृत्तान्त त्याचा स्वतःचा असून उत्तरकालीन संशोधकांनी त्यातील तपशिलांविषयी शंका घेतल्या आहेत. परंतु ते आकडे जसेच्या तसे मान्य केले तरी एक गोष्ट नजरेत भरते : काम जवळजवळ चौपट वाढले, मजुरी मात्र सुमारे ६० टक्क्यांनीच वाढली. वाढीव उत्पन्नाची वाटणी कोणत्या न्यायाने करावयाची, याचे उत्तर घड्याळ देऊ शकत नाही, हे येथेच स्पष्ट होते.

आता मुंबईकडे वळू. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरल्यावर जपानी कापडाच्या स्पर्धेने मुंबईच्या गिरण्या अडचणीत आल्या. जकात मंडळाने १९२७ मध्ये चौकशीअंती कार्यक्षमता वाढविण्याचा सल्ला दिला. ससून समूहाच्या गिरण्यांनी कताईखात्यात एका कामगाराकडे फ्रेमच्या एका बाजूऐवजी दोन बाजू आणि विणाईखात्यात दोन मागांऐवजी तीन माग सोपविण्याची योजना पुढे आणली. या व अन्य कारणांवरून असंतोष वाढत जाऊन एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप झाला. सुमारे दीड लाख कामगार त्यात सामील होते. ना. म. जोशी, श्री. अ. डांगे, अर्जुन आळवे प्रभृती पुढाऱ्यांच्या संयुक्त संपसमितीने सतरा मागण्या मांडल्या आणि त्यांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. या समितीने १९२९ मध्ये अहवाल दिला. अधिक यंत्रे सांभाळण्याची पद्धत तिने तत्त्वतः त्याज्य ठरविली नाही. पण तिची योग्यता कामाच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही तिने दृष्टीआड केले नाही.

या वादाचा तांत्रिक गाभा लक्षात घेण्यासारखा आहे. विणकराचे श्रम त्याच्याकडील मागांच्या संख्येवर अवलंबून नसतात. धागा किती वेळा तुटतो, धोट्यातील कांडी किती वेळा बदलावी लागते, यांवर ते अवलंबून असतात. धागा तुटण्याचे प्रमाण कापसाची प्रत, खात्यातील हवेचा ओलावा, यंत्राचा वेग व त्याची निगा यांवरून ठरते. आणि यांपैकी एकही गोष्ट विणकराच्या हाती नसते. सूत निकृष्ट ठेवून तिसरा माग दिला, तर एका मागावरील धागा जोडेपर्यंत दुसरा माग उभा राहतो. नगावर मजुरी मिळविणाऱ्या विणकराचे श्रम वाढतात आणि मिळकत त्या मानाने वाढत नाही. शिवाय दोघांचे काम एकाने केल्यावर दुसऱ्याने जावे कोठे, हा प्रश्न उरतोच. टेलरच्या पहिल्या तत्त्वाप्रमाणे आधी साहित्य व परिस्थिती सुधारावयास हवी आणि मग कामाचे प्रमाण ठरवावयास हवे. हा क्रम उलटा झाला की त्यास शास्त्र म्हणणे कठीण होते.

दुसऱ्या तत्त्वाची कसोटीही मुंबईतच लागली. विणाईखाते हे तुलनेने अधिक मजुरीचे. परंतु अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तेथे प्रवेश नव्हता. कांडी भरताना धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घेण्याची रीत होती आणि सवर्ण कामगार विटाळाचे कारण पुढे करीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८च्या संपाच्या काळात हा अन्याय चव्हाट्यावर मांडला. गुणांनुसार निवड हे सूत्र सांगणाऱ्या शास्त्राला गिरणीतील भरती जॉबरच्या हाती आणि खात्यांची वाटणी जातीच्या हाती असल्याचे दिसले असते. परंतु कार्यक्षमतेची योजना मागांची संख्या मोजण्यापलीकडे गेली नाही. काय मोजावयाचे आणि काय सोडून द्यावयाचे, ही निवडही सत्तेचीच निवड असते.

योजना व अंमलबजावणी यांच्या विभागणीसंबंधीचे चौथे तत्त्व पुढे अहमदाबादेत तपासले गेले. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये तेथील कॅलिको कंपनीच्या स्वयंचलित मागांच्या खात्यात प्रयोग केला. पूर्वी प्रत्येकाकडे कामाचा एकेक तुकडा असे व संपूर्ण मागाची जबाबदारी कोणाचीच नसे. लहान गटांकडे मागांचा संच सोपविण्याची सूचना होताच कामगारांनी आपले गट स्वतःच बनविले. उत्पादन सुधारले व खराब कापडाचे प्रमाण घटले. ज्याच्या हातून काम होते त्याला त्याची योजनाही करता येते, हा या प्रयोगाचा धडा होय.

आज घड्याळ हातात धरलेला निरीक्षक क्वचितच दिसतो. त्याचे काम संगणकाकडे गेले आहे. गोदामातील वस्तू उचलण्याचा वेग, दूरध्वनी-सेवा केंद्रातील संभाषणाचा सरासरी अवधी, घरपोच माल देणाऱ्या तरुणाची प्रत्येक फेरी, या सर्वांची आपोआप नोंद होते. मोजमाप सूक्ष्म झाले, परंतु १९२८चा प्रश्न तसाच आहे. पावसाळ्यातील रस्ता किंवा तिसऱ्या मजल्यावरील जिना हिशेबात धरला जातो काय? त्या आकड्यास हरकत घेण्याची वाट कामगारास मोकळी आहे काय?

याचा अर्थ प्रमाणित पद्धत सर्वत्र टाकाऊ आहे, असा मात्र नव्हे. आपल्या लोणी काळभोरच्या परिसरात तेल कंपन्यांची इंधन-आगारे आहेत. टँकर भरण्यापूर्वी तो भूमीशी विद्युत्-वाहक तारेने जोडणे व मगच भरणी सुरू करणे, हा क्रम कोणाच्याही सोयीने बदलता येत नाही. कारण स्थिर विजेची एक ठिणगी अनर्थास पुरेशी असते. येथे ठरलेली पद्धत प्रथम कामगाराचेच रक्षण करते. म्हणून कोणत्याही प्रमाणाची परीक्षा तीन प्रश्नांनी करावी : ते कोणत्या परिस्थितीत ठरविले, ते ठरविताना काम करणाऱ्याचे ज्ञान विचारात घेतले काय, आणि त्यापासून होणाऱ्या लाभाचा वाटा त्याला मिळतो काय? कार्यस्थळांचा अभ्यास करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी कोष्टके भरण्यापूर्वी हे प्रश्न विचारले, तर त्यांचे मोजमाप खऱ्या अर्थाने शास्त्रीय ठरेल.