‘आम्ही’ आणि ‘आपण’ : आफ्रिकी स्थलांतरितांच्या कादंबऱ्यांतील स्वत्व व आपलेपणा

आफ्रिका खंडातून युरोप-अमेरिकेत गेलेल्या माणसांविषयीच्या कादंबऱ्यांचा विचार करताना ‘स्वत्व’ व ‘आपलेपणा’ ही दोन पदे बहुधा जोडीने वापरली जातात आणि पुष्कळदा समानार्थी मानली जातात. वस्तुतः त्यांत महत्त्वाचा भेद आहे. तो स्पष्ट करण्यास मराठी व्याकरणातील एक परिचित गोष्ट साहाय्यभूत होते. प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी मराठीत ‘आम्ही’ व ‘आपण’ अशी दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो सामावून घेतला जातो. गुजरातीतही हा भेद आहे. इंग्रजीत मात्र दोन्ही अर्थांचा भार एकाच सर्वनामावर पडतो. ‘आपलेपणा’ हा शब्द ‘आपण’च्याच कुळातला आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘आम्ही’ हे स्वतःविषयीचे विधान असल्याने ते कोणासही करता येते. ‘आपण’ला मात्र ऐकणाऱ्याची संमती लागते. स्वत्व आणि आपलेपणा यांतील अंतर नेमके हेच होय. नाव, उच्चार व सर्वनाम या तीन भाषिक अंगांतून ते तीन कादंबऱ्यांत कसे प्रकट होते, ते पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम नावाचा विचार. झांझिबार येथे १९४८ साली जन्मलेले व २०२१ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळालेले अब्दुलरझाक गुर्ना यांची ‘बाय द सी’ ही कादंबरी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा वृद्ध नायक सालेह उमर दुसऱ्याच्या नावाच्या पारपत्रावर इंग्लंडात उतरतो आणि इंग्रजी उत्तम येत असूनही ती येत नसल्याचे भासवितो. विमानतळावरील अधिकारी त्याच्याजवळची ऊद-अल-कमारी या सुगंधी द्रव्याची पेटी काढून घेतो. (मराठीतील ‘ऊद’ हा याच अरबी शब्दाचा वंशज होय.) नाव उसने, वाणी बंद, आणि स्मृतीची एकुलती खूण हिरावलेली, अशा स्थितीत त्याचे स्वत्व नष्ट झाले असे मात्र लेखक दाखवीत नाही. सालेह मनाशी सर्व काही जाणून आहे. उणीव आहे ती त्याला खऱ्या नावाने ओळखणाऱ्या श्रोत्याची. हा श्रोता भेटतो तो लतीफ महमूद, ज्याच्या पित्याचे नाव सालेहने घेतले आहे त्याचाच मुलगा. दोन्ही घराण्यांत घराच्या मालकीवरून जुने वैर आहे. तरीही परदेशातील समुद्रकाठच्या गावी हे दोघे एकमेकांना आपापली हकीकत सांगतात. ज्याच्याशी भांडणाचाही इतिहास आहे तोच येथे ‘आपला’ ठरतो, कारण समोरच्याचे खरे नाव त्याला ठाऊक आहे.

उच्चाराचा प्रश्न चिमामांडा न्गोझी अडिची यांच्या ‘अमेरिकाना’ (२०१३) या कादंबरीत मध्यवर्ती आहे. नायजेरियातून अमेरिकेत शिकावयास आलेल्या इफेमेलूशी महाविद्यालयातील एक कर्मचारी, तिला इंग्रजी समजत नसावे असे गृहीत धरून, एकेक शब्द संथपणे उच्चारीत बोलते. लहानपणापासून इंग्रजी बोलत आलेली इफेमेलू त्यानंतर अमेरिकी उच्चार घटवू लागते. पुढे दूरध्वनीवरून माल विकणारा एक अपरिचित इसम तिचे बोलणे अगदी अमेरिकी वाटते अशी स्तुती करतो. ती त्याचे आभार मानते आणि मागाहून तिला त्या आभारांचीच लाज वाटते; अखेर ती तो उच्चार सोडून देते. उच्चार अंगीकारल्याने केवळ वगळले जाण्याचे चिन्ह पुसले गेले होते, आपलेपणा लाभला नव्हता, हे तिच्या ध्यानी येते. लागोसला परतल्यावर मैत्रीण तिलाच थट्टेने ‘अमेरिकाना’ म्हणते. अमेरिकेहून बदलून आलेल्या व्यक्तीसाठी तेथे हा शब्द रूढ आहे.

सर्वनामाचे उदाहरण झिंबाब्वेत जन्मलेल्या नोव्हायोलेट बुलावायो यांच्या ‘वुई नीड न्यू नेम्स’ (२०१३) मध्ये सापडते. कथा डार्लिंग नावाच्या मुलीच्या तोंडून सांगितली जाते. परंतु अमेरिकेतील जीवनाविषयीच्या एका प्रकरणात एकट्या मुलीचा आवाज मागे सरून निवेदन स्थलांतरितांच्या समूहाच्या तोंडी येते. हे प्रकरण मराठीत आणावयाचे झाल्यास सर्वनाम ‘आम्ही’च योजावे लागेल, कारण यजमान समाज त्यात कोठेच समाविष्ट नाही. हे स्थलांतरित मुलांना तेथे खपतील अशी सोपी नावे देतात. परिणामी आईबापांच्या ‘आम्ही’त त्यांची मुलेही राहत नाहीत. अखेरीस डार्लिंग मायदेशातील मैत्रीण चिपो हिच्याशी बोलते, तेव्हा चिपो तिचा त्या देशावरील हक्कच नाकारते. जे मागे राहून सोसत आहेत त्यांनाच तो हक्क, असे तिचे म्हणणे. यजमान देशाने ‘आपण’ म्हटले नाही आणि मायदेशाने ते मागे घेतले, अशी ही कोंडी आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. स्थलांतरिताचे दुःख सर्वनामाचे नसून पारपत्राचे आहे, असे म्हटले जाईल. तो निराधार नाही. ‘अमेरिकाना’तील ओबिंझे लंडनमध्ये दुसऱ्याच्या नावावर काम करतो आणि कागदोपत्री विवाहाच्या वेळी पकडला जाऊन मायदेशी धाडला जातो, तेथे निर्णय कायद्याचा आहे. परंतु कायदा केवळ राहण्याची परवानगी देतो वा नाकारतो. ती मिळाल्यावरही जे मिळावयाचे राहते, त्याचा शोध या कादंबऱ्या घेतात. म्हणून पात्र स्वतःस काय म्हणविते एवढेच नोंदवून समीक्षकास थांबता येणार नाही. ते कोणाशी बोलते आणि ऐकणारा त्याला कोणत्या नावाने उत्तर देतो, हेही तपासावे लागेल.

‘अमेरिकाना’तील डिके या मुलाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दोन भाषांनी त्याचा गोंधळ होईल या समजुतीने त्याची आई त्याच्याशी इग्बो बोलू देत नाही. तरुणपणी, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचल्यानंतर, तो लागोसला येतो. तेथे त्याला इग्बो समजते, परंतु बोलता येत नाही, आणि ती बोलता यावी अशी इच्छा तो व्यक्त करतो. त्याला सामावून घेणारे शब्द त्याच्या कानी पडतात. ते उलट उच्चारण्याचे साधन मात्र त्याच्यापाशी नाही.