कल्याणचे नाव, शहाडची वाट

कल्याणवर लिहायला बसलेला माणूस आधी ‘पेरिप्लस’ हे ग्रीक सागरी प्रवासवर्णन उघडतो. पहिल्या शतकातली ती ‘कल्लिएना’ आता सर्वांना पाठ आहे. थोरल्या सारगन राजाच्या काळी राजमान्य असलेले हे बंदर पुढे अडवले गेले आणि इथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला धाडली जाऊ लागली. सहाव्या शतकातला ग्रीक प्रवासी कॉस्मस इथले पितळ, शिसवी लाकूड, कापड आणि इराणहून नेमला जाणारा बिशप नोंदवतो. पुढे मुसलमानी अमलातले ‘इस्लामाबाद’, १६५७ मध्ये शिवरायांनी घेतलेले कल्याण, १६७५ मध्ये इंग्रज प्रवासी फ्रायरने पाहिलेले भग्नावशेष. यातले बहुतेक १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरच्या वाटेने गेले की सापडते. ते मी पुन्हा उगाळत नाही.

माझा जीव कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत आहे. तिथल्या ब्राह्मी लेखांत कल्याणची माणसे स्वतः बोलतात. कुणी व्यापारी, कुणी लोहार. कुणी लेणे दिले, कुणी पाण्याची ‘पोढी’ खोदवली. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरांच्या कडा उठतात, तेव्हा बोट फिरवत एकेक अक्षर लावावे. आपण कल्याणचे, हे तो दाता नावाबरोबर आवर्जून कोरवतो. जुन्नरच्या लेण्यांतही कल्याणचे दाते भेटतात. परक्याने लिहिलेल्या चार ओळींपेक्षा या दगडाची साक्ष मला मोठी वाटते. ‘पेरिप्लस’वाल्यांशी माझे भांडण आहे ते एवढ्यासाठीच. चालुक्यांची राजधानी आपल्या खाडीकाठी आणून बसवणाऱ्यांना तर काय सांगावे? ते कल्याण बिदरकडचे, आजचे बसवकल्याण.

कान्हेरी आणि जुन्नर यांना जोडणारे बंदर कल्याण, आणि जुन्नरकडे चढायची वाट नाणेघाटाची. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. आज कल्याणहून मुरबाडमार्गे तिकडे निघालात, तर उल्हास नदीपाशी पहिल्यांदा शहाड लागते. तिथल्या पुलावरच्या वाहनांच्या रांगेत अडकलेल्या किती जणांना ठाऊक असते, की ही नाणेघाटाची दिशा आहे?

कल्याणच्या इतिहासकारांनी शहाडला कधी विचारलेच नाही. आज त्याची ओळख उरली ती रेल्वे स्थानक, रेयॉनचा कारखाना आणि बिर्ला मंदिर एवढीच. पूर्वी निदान गावोगावचे शिक्षक जुनी कागदपत्रे उतरवून ठेवत. आता नव्या इमारतींच्या नावांत गावाचे नावही उरत नाही आणि शाळेच्या सहली कान्हेरीला जाऊन माकडे पाहून परततात.

म्हणून शहाड, आंबिवली, मोहने इथल्या वाचकांना माझी विनंती आहे. घरातले जुने सातबारा उतारे, शेतसाऱ्याच्या पावत्या, गिरणी-कारखान्याचे पगारपत्रक, लग्नपत्रिका रद्दीत घालू नका. त्यांवर गावाचे नाव जसे लिहिले असेल तसेच उतरवून, सालासकट, जवळच्या वाचनालयात एक प्रत द्या.