शहाद्याचे महाराज आणि दिल्लीचा कायदा

अक्षय तृतीया म्हणजे खान्देशची आखाजी. झोके, गाणी, सांजोऱ्या. त्याच मुहूर्तावर मोठ्या शेतकऱ्याच्या ओट्यावर सालदाराचा, म्हणजे वर्षभराच्या गड्याचा, सौदाही ठरायचा. साल आखाजीला सुरू, पुढच्या आखाजीला संपलं. आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही, तर पुढचं सालही त्याच मालकाकडे! राज्यघटनेच्या २३व्या कलमाने वेठबिगारीला बंदी घालून वीस वर्षं उलटली, तरी शहादा-तळोदा भागात हे राजरोस चालू होतं.

याच प्रश्नावर पुढे आले पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती. भिल्ल समाजातले, सर्वोदयी चळवळीत घडलेले आणि भजनं गाणारे, म्हणून सगळ्यांचे ‘अंबरसिंग महाराज’. भजनातून पुढारीपण? सातपुड्याच्या पायथ्याशी ही वाट आधीच मळलेली होती. तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुला महाराजांनी १९३०च्या दशकात आरतीच्या निमित्ताने आदिवासींची प्रचंड गर्दी जमवली, दारू सोडायला लावली आणि एकमेकांना ‘आप’ म्हणायला शिकवलं. ज्यांच्या वाट्याला जन्मभर अरे-तुरे आलं, त्यांनी आपसांत ‘आप’ म्हणायचं! माझ्या मते इथलं पहिलं बंड तेच.

मे १९७१मध्ये पाटीलवाडीत आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि प्रकरण पार मुंबईपर्यंत गाजलं. ३० जानेवारी १९७२ला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, शहाद्यात जमिनीच्या प्रश्नावर मोठी परिषद भरली. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. शहरातली शिकलेली पोरं इथे येऊन राहिली. त्यांत आयआयटीतून इंजिनीअर झालेले कुमार शिराळकरही होते. बायका तर सगळ्यांच्या पुढे निघाल्या. त्यांनी गावोगावचे दारूचे माठ फोडले. उचलीचा पैसा कुठे मुरतो, हे त्यांना कुणी शिबिर घेऊन सांगायची गरजच नव्हती.

अशा प्रश्नावरून उभा राहिलेला माणूस कधी थेट सत्तेपर्यंत पोचतो. तिकडे अमेरिकेत गुलामगिरीच्या वादातून अब्राहम लिंकन वर आले. १८५८मध्ये प्रतिस्पर्धी डग्लस यांच्याशी जाहीर वादविवाद केले, सिनेटची जागा गमावली आणि दोनच वर्षांत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकली. अंबरसिंग महाराजांना तसा वेळच मिळाला नाही. ऐन तारुण्यात, १९७४मध्ये ते गेले. आमदार-खासदारांच्या यादीत त्यांचं नाव शोधू नका. ती यादी इथे वेगळ्याच चालीने चालते: नवापूरकडचे माणिकराव गावित १९८१च्या पोटनिवडणुकीपासून सलग नऊ वेळा नंदुरबारचे खासदार, थेट २०१४पर्यंत.

कायदे आले ते महाराजांच्या माघारी. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७५मध्ये लागू झाला. आणीबाणीत इंदिरा गांधींनी वीस कलमी कार्यक्रमात वेठबिगारी घेतली, ऑक्टोबर १९७५मध्ये वटहुकूम निघाला आणि १९७६मध्ये त्याचा कायदा झाला. त्यात देशभरातल्या वेठबिगारीच्या प्रकारांची नावं ओळीने दिली आहेत: बारामासिया, वेट्टी, सागडी, शेजारच्या गुजरातची हाळीसुद्धा. खान्देशातली सालदारी मात्र त्या यादीत नाही.

श्रमिक संघटनेतले भिल्ल कार्यकर्ते वाहरू सोनवणे पुढे कवी झाले. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कवितेचं नाव ‘स्टेज’. आदिवासींचं दुःख आदिवासींनाच व्यासपीठावरून समजावून सांगणाऱ्या मंडळींना त्यांनी त्यात चांगलंच सुनावलं आहे.