पेटीचं माप मे महिना ठरवतो

सोनाळ्यात ज्यांच्या घरामागे सांदवाडी आहे, त्यांना मापाची चिंता नसते. मोरीचं पाणी जातं तिथं वांगी लावली, कुंपणावर दोडक्याचा वेल चढवला, की झालं. अडचण येते ती नव्या स्लॅबच्या घरांना. अंगण फरशीखाली गेलेलं, हौस मात्र शाबूत. मग ग्रोबॅग नाही तर तयार पेटी येते आणि बहुतेकदा ती गरजेपेक्षा लहान असते.

गच्चीवरच्या शेतीचे आपल्याकडचे नावाजलेले प्रयोग मुंबईचे. पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002च्या सुमारास ओल्या कचऱ्यावर भाजीपाला आणि फळझाडं वाढवली. त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण मुंबईच्या दमट हवेत चालणारं माप घाटाखालच्या आपल्या भागात चालेलच असं नाही. इथं मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जातो. काळ्या प्लास्टिकच्या छोट्या बॅगेत ऊन कडेनं आत शिरतं, मुळं भाजतात आणि सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. माती जितकी जास्त, तितकी ती उशिरा तापते आणि उशिरा सुकते. म्हणून माझं मत असं, की पुस्तकात जे माप दिलेलं असेल, त्याच्या वरचं घ्यावं.

आधी खोली पाहावी, लांबी-रुंदी नंतर. मेथी, सांभार, पालक यांना सहा ते आठ इंच पुरतात. मिरचीला दहा-बारा, वांग्याला आणि टमाटरला बारा ते पंधरा, दोडका-कारल्याच्या वेलाला दीड फूट. हौसेनं लिंबू लावायचंच असेल, तर दोनशे लिटरचा ड्रम मधोमध कापून घ्यावा. बॅग घेताना आणखी एक हिशेब लक्षात ठेवा: 12 बाय 12 इंचांच्या, तेवढ्याच खोल चौकोनी पेटीत 28 लिटर माती बसते, त्याच मापाच्या गोल बॅगेत जेमतेम 22.

विकतच्या पेटीवाचूनही भागतं. पंधरा किलोचा तेलाचा रिकामा पिपा उभा ठेवून वरून कापला, तर सव्वा फुटाच्या आतबाहेर खोली मिळते. एका वांग्याची सोय झाली. तोच पिपा आडवा करून वरची बाजू कापली, की खोली नऊ इंचांवर येते, पण पेरायला जागा जवळपास दीडपट होते. तिथं मेथी टाकावी. बुडाला छिद्रं मात्र दोन्ही वेळा पाडायचीच.

छिद्रांवर खडीचा थर देण्याची पद्धत सरसकट दिसते. तिचा उपयोग नाही. पाणी निथळल्यावरही मातीचा सर्वात खालचा थर चिंब राहतो. खडी टाकली, की तो चिंब थर तेवढाच वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. उथळ पेटीत तर हे फारच महागात पडतं. छिद्रावर खापराचा तुकडा पुरे.

पूर्णेच्या बाजूला खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी लहान बॅगेच्या वाटेला जाऊच नये. तिथल्या बोअरचं खारं पाणी उडतं, क्षार मातीत राहतात, पानांच्या कडा करपतात. वान धरणाचं नळाचं पाणी मिळत असेल तर ते वापरावं. पावसाळ्यात पेट्या उघड्यावर ठेवून क्षार धुऊन जाऊ द्यावेत.

आता स्लॅब. माणसांच्या वावराच्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरतात. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, एक फूट खोल पेटीत नऊ घनफूट माती मावते. आपली काळी माती भिजली, की तिचं वजन साडेचारशे किलोच्या घरात जातं. एवढ्याशा जागेवर हा भार मानकाच्या तिपटीहून जास्त होतो. शिवाय काळी माती पेटीत सुकली की भेगाळते आणि भिजली की चिकटून बसते. त्यापेक्षा तुरीचं किंवा सोयाबीनचं कुजलेलं कुटार, शेणखत आणि थोडी माती असं मिश्रण करावं, म्हणजे वजन पुष्कळ उतरतं. तरीही पेट्या स्लॅबच्या मधोमध न ठेवता भिंतीवर किंवा बीमवर येतील अशा ठेवाव्यात. जुन्या धाब्याच्या घरावर पेटी ठेवूच नये.

रुंदीचं सोपं आहे. भिंतीला टेकलेली पेटी दोन फुटांपेक्षा रुंद नको, नाहीतर पलीकडचं तण काढायला हात पुरत नाही.

एकच पेटी घ्यायची असेल, तर पंधरा इंच खोल, पांढऱ्या रंगाची घ्या. तिच्यात मेथीही होईल आणि वांगंही. सहा इंच खोल पेटी स्वस्त मिळते, पण घाटाखालच्या उन्हाळ्यात तिच्यात वांगं टिकत नाही.