विश्लेषण : गाडीचे स्टीअरिंग अचानक का अडकते? दुरुस्तीचे बिल एवढे का फुगते?

किल्ली फिरत नाही, स्टीअरिंग हलत नाही आणि मागे अडकलेला गाडीवाला हॉर्न वाजवतोय. मेन रोडवरची खरेदी आटोपून किंवा त्र्यंबकेश्वरला दर्शन घेऊन वाहनतळावर परतलेल्या अनेक गाडीमालकांना हा अनुभव येतो. काही वेळा दोन मिनिटांत गाडी सुरू होते. काही वेळा मात्र ती टोइंग व्हॅनवर चढते आणि गॅरेजमधून येणारा अंदाजपत्रकाचा आकडा पाहून मालक हादरतो. एकाच लक्षणाच्या दोन टोकांच्या खर्चामागे नेमके काय असते? हा खर्च कधी टाळता येतो आणि कधी त्याविरोधात दाद मागता येते?

स्टीअरिंग लॉक म्हणजे काय?

गाडी चोरणाऱ्याने तारा जोडून इंजिन सुरू केले तरी त्याला गाडी वळवता येऊ नये, यासाठी ही सोय असते. पश्चिम जर्मनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ती सर्व नव्या गाड्यांना सक्तीची केली. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६९ च्या मॉडेलपासून ती दिली, तर ब्रिटनमध्ये १९७१ पासून नव्या गाड्यांना ती बंधनकारक झाली.

किल्लीच्या गाडीत रचना साधी असते. किल्ली काढली की स्प्रिंगच्या जोरावर एक पोलादी खिळ पुढे सरकते. स्टीअरिंगच्या दांड्यावरील कड्याला खाचा असतात. स्टीअरिंग थोडे फिरले की खिळ खाचेत बसते आणि दांडा जखडतो. किल्ली घालून फिरवली की खिळ मागे येते.

पुश बटणाच्या अनेक गाड्यांमध्ये हेच काम छोटी विद्युत मोटार करते. मोटार, गिअर, खिळ कुठे आहे हे सांगणारे सूक्ष्म स्विच आणि एक सर्किट बोर्ड, असे सगळे एका डबीत बसवलेले असते. खिळ पूर्ण मागे गेल्याचा संदेश मिळाल्याशिवाय गाडीचा संगणक इंजिन सुरूच होऊ देत नाही.

प्रत्येक वेळी बिघाडच असतो का?

नाही. चाके वळलेल्या अवस्थेत किंवा फुटपाथला टेकवून गाडी उभी केली, तर टायरचा ताण स्टीअरिंगच्या दांड्यातून थेट खिळेवर येतो. खिळ खाचेच्या कडेवर दाबली जाते आणि मागे सरकत नाही. किल्लीवर जोर दिल्याने हा ताण कमी होत नाही, उलट किल्ली वाकते किंवा आत तुटते. मग जो खर्च शून्य होता, तो नव्या लॉकसेटपर्यंत जातो.

अशा वेळी एका हाताने स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलवून पाहावे. ज्या बाजूला ते किंचित सरकते, त्या बाजूला हलका दाब ठेवून दुसऱ्या हाताने किल्ली फिरवावी. पुश बटणाच्या गाडीतही हीच युक्ती चालते. ब्रेक दाबून, स्टीअरिंग हलवत बटण दाबायचे.

एवढ्याने काम झाले नाही तर चार गोष्टी तपासाव्यात :

- ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ गिअरमध्ये आहे का?
- गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरली आहे का? व्होल्टेज कमी असेल तर लॉकच्या मोटारीला पुरेसा जोर मिळत नाही आणि चांगले लॉकही ‘खराब’ दिसते.
- रिमोट किल्लीतला सेल संपला आहे का? बहुतेक गाड्यांत किल्ली ठरावीक जागी टेकवून गाडी सुरू करता येते. ती जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.
- दुसऱ्या किल्लीने लॉक उघडते का? उघडले तर दोष झिजलेल्या किल्लीचा आहे, लॉकचा नाही.

खरा बिघाड कशाने होतो?

किल्लीच्या लॉकमध्ये वर्षानुवर्षांच्या वापराने किल्लीचे दाते आणि आतल्या पितळी पट्ट्या झिजतात. धूळ आणि ओलावा त्यात भर घालतात. नाशिक शहरात उन्हाळाभर धूळ असते आणि इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने दमट हवा, त्यामुळे जुन्या लॉकमध्ये दोन्ही साचते. त्यावर घरातले तेल ओतले की काही दिवस बरे वाटते, पण नंतर तेच तेल धूळ धरून ठेवते.

इलेक्ट्रॉनिक लॉकमध्ये मोटारीचे ब्रश झिजतात, ग्रीस घट्ट होते, सूक्ष्म स्विच काम करेनासे होतात किंवा बोर्डवरील झाळ तडकते. मर्सिडीजच्या २००७ नंतरच्या सी-क्लासमधील असे लॉक आणि फोक्सवॅगनच्या त्याच काळातील पसाटमधील लॉक यांच्या तक्रारी जगभरातील मेकॅनिकना परिचित आहेत. दोन्ही मॉडेल भारतात विकली गेली. आज ती सेकंड हँड बाजारात नव्या हॅचबॅकच्या किमतीत मिळतात. गाडी हॅचबॅकच्या भावात आली तरी तिचे सुटे भाग मूळ गाडीच्याच भावात मिळतात, हे घेणाऱ्याच्या उशिरा लक्षात येते.

चालत्या गाडीत स्टीअरिंग लॉक होऊ शकते का?

इलेक्ट्रॉनिक लॉकची रचना अशी असते की, इग्निशन सुरू असताना खिळ पुढे येऊ नये. त्यामुळे ते बिघडले तर गाडी बहुधा पार्किंगमध्येच अडून बसते. तरीही अपवाद आहेत. अमेरिकेत १९९७ ते २००४ या मॉडेलवर्षांतील कॉर्व्हेट गाड्या स्टीअरिंग लॉकच्या दोषामुळे २००४ मध्ये परत बोलवाव्या लागल्या होत्या.

किल्लीच्या गाडीत मोठा धोका चालकाच्या सवयीचा असतो. कसारा घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करणारे चालक आजही दिसतात. इंजिन बंद झाले की पॉवर स्टीअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते. त्यात घाईघाईने किल्ली पूर्ण मागे फिरवून बाहेर काढली, तर पुढच्या वळणावर खिळ खाचेत बसू शकते. घाटात इंजिन सुरू ठेवून खालच्या गिअरमध्येच उतरावे.

किल्लीला लटकवलेला जड जुडगाही निरुपद्रवी नसतो. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत इग्निशन स्विच इतका सैल होता की, जुडग्याच्या वजनाने किंवा धक्क्याने किल्ली मागे सरकायची. मग इंजिन बंद पडायचे आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. २०१४ मध्ये उघड झालेल्या या प्रकरणात कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. तो दोष स्टीअरिंग लॉकचा नव्हता, पण इग्निशनच्या किल्लीवर भार नको हा धडा इथेही लागू पडतो.

दुरुस्ती एवढी महाग का?

लॉकमधली मोटार हा तसा स्वस्त भाग आहे. मात्र बहुतेक कंपन्या ती सुटी विकत नाहीत, अख्खी डबी किंवा काही मॉडेलमध्ये स्टीअरिंगचा संपूर्ण कॉलमच बदलायला सांगतात. हा भाग चोरीविरोधी यंत्रणेत मोडतो. त्यामुळे तो गाडीच्या चासी क्रमांकानुसार मागवावा लागतो आणि बसवल्यावर गाडीच्या संगणकाशी जोडावा लागतो. त्यासाठीचे सॉफ्टवेअर साध्या गॅरेजकडे नसते. स्टीअरिंग जखडलेली गाडी ओढून नेता येत नाही, म्हणून फ्लॅटबेडचा खर्च वेगळा. वर १८ टक्के जीएसटी. त्यामुळे किल्लीवाल्याकडे काही शे रुपयांत सुटणारा प्रश्न महागड्या गाडीत लाखाच्या घरात जाऊ शकतो.

सुटे भाग आणि निदान यंत्रे कंपनीच्याच हातात ठेवण्याचा मुद्दा नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात मिळू दिली जात नाहीत, हा त्यामागचा ठपका होता. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही आयोगाने बजावले होते. प्रकरण पुढे अपिलात गेले. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे.

स्वस्त पर्याय कितपत सुरक्षित?

स्वतंत्र गॅरेजमध्ये डबी उघडून फक्त मोटार किंवा स्विच बदलून देणारे कारागीर असतात. काम नीट झाले तर मोठी बचत होते. मात्र डबी अडकलेल्या अवस्थेत असेल तर ती काढण्यासाठी अनेकदा कापावी लागते, म्हणून आधी विचारून घ्यावे. दुसरा पर्याय ‘एम्युलेटर’चा. हे उपकरण ‘लॉक उघडले’ असा खोटा संदेश गाडीला देते. गाडी सुरू होते, पण स्टीअरिंग लॉक कायमचे निकामी राहते. उद्या गाडी चोरीला गेली तर विमा दाव्यात यावरून वाद होऊ शकतो.

विमा, वॉरंटी आणि तक्रार

प्रमाणित मोटार विमा पॉलिसीत यांत्रिक किंवा विद्युत बिघाड आणि झीज वगळलेली असते. त्यामुळे आपोआप बिघडलेल्या लॉकचा खर्च मिळत नाही. चोरीच्या प्रयत्नात लॉक तुटले असेल तर मात्र पोलिसांत तक्रार करून दावा करता येतो. वाढीव वॉरंटी घेताना त्यात स्टीअरिंग लॉक आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आहे का, हे वाचून घ्यावे.

गॅरेजकडून लेखी अंदाजपत्रक, स्कॅनरवरील फॉल्ट कोडची छापील प्रत आणि बदललेला जुना भाग मागावा. दोष डबीचा, बॅटरीचा की वायरिंगचा, हे त्या कोडवरून तपासता येते. दुसऱ्या मेकॅनिकचे मत घ्यायलाही तीच कागदपत्रे लागतात.

बिल अवाजवी वाटले किंवा काम सदोष झाले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यापुढचा मार्ग नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथेच दावा दाखल करता येतो, कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात जावे लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. उत्पादनातील दोष सिद्ध करण्यासाठी मात्र तज्ज्ञाचा अहवाल महत्त्वाचा ठरतो. म्हणून जुना भाग गॅरेजमध्ये सोडून येऊ नये.

एकाच मॉडेलमध्ये तोच दोष वारंवार दिसत असेल, तर प्रश्न रिकॉलचा होतो. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांसाठी सरकार सक्तीच्या रिकॉलचा आदेश देऊ शकते आणि कंपनीला १० लाख ते एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कंपन्या स्वतःहूनही रिकॉल करतात. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने स्टीअरिंगच्या टाय रॉडमधील संभाव्य दोषामुळे ८७,५९९ एस-प्रेसो आणि ईको गाड्या मोफत तपासणीसाठी बोलावल्या होत्या. पैसे मोजण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर आपला चासी क्रमांक टाकून पाहावा.

सेकंड हँड गाडी घेताना काय पाहावे?

दोन्ही मूळ किल्ल्या मागाव्यात आणि दोन्हींनी गाडी सुरू करून पाहावी. गाडी बंद करून, स्टीअरिंग लॉक होऊ देऊन ते पुन्हा उघडावे. हे चार-पाच वेळा करावे. बटण दाबल्यावर इंजिन सुरू होण्यास उशीर लागत असेल किंवा डॅशबोर्डवर स्टीअरिंगची सूचना क्षणभर चमकून जात असेल, तर व्यवहाराआधी स्कॅनर लावून घ्यावा. आधीच लॉक बदलले आहे की एम्युलेटर बसवला आहे, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. आणि रोज गाडी लावताना चाके सरळ करून, हँडब्रेक ओढून मगच किल्ली काढावी. खिळेवरचा ताण टाळण्याचा हा बिनखर्चाचा उपाय आहे.