अंडकोषाची बायोप्सी : एवढासा तुकडा काय सांगतो?

नंदनवन, नागपूरहून आजचा भाग. 'बायोप्सी' म्हटलं की आपल्याला आधी कॅन्सरच आठवतो. पण मूल होत नाही म्हणून ही तपासणी सांगितली असेल, तर प्रश्न वेगळा असतो : वीर्यात शुक्राणू का नाहीत?

घरच्या नळाचं बघा. पाणी येत नाही, म्हणजे एकतर टाकी रिकामी, नाहीतर पाइप चोक. तसंच इथे. शुक्राणू तयारच होत नाहीत, किंवा होतात पण वाट बंद आहे.

बायोप्सी ही पहिली पायरी नाही, बरं का. आधी वीर्याची तपासणी निदान दोनदा, मग रक्तातले एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन, गरज पडल्यास गुणसूत्रं. पुष्कळदा उत्तर इथेच मिळतं. जिमसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली असतील तर डॉक्टरांना सांगाच. त्यानेही शुक्राणू बनणं थांबतं.

बायोप्सीत भूल देऊन छोटा छेद घेतात, अगदी लहान तुकडा काढतात आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. काही दिवस सूज आणि दुखणं राहतं. पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली बघतात : शुक्राणू नीट बनतात, कमी बनतात, अर्धवट थांबतात, की बनवणाऱ्या पेशीच नाहीत.

रिपोर्ट वाईट आला तरी तो एकाच जागेचा असतो. दुसऱ्या कोपऱ्यात थोडे शुक्राणू असू शकतात. मायक्रोस्कोप लावून ते शोधायची शस्त्रक्रियाही आहे. मात्र ते सापडतीलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

थोडेसे सापडून काय उपयोग? १९८६ साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या टीमच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, तेव्हा एका बीजांडासाठी हजारो शुक्राणू लागायचे. १९९२ साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी इक्सीने झालेल्या गर्भधारणा जाहीर केल्या. त्यात एका बीजांडाला एकच जिवंत शुक्राणू पुरतो.

म्हणून सही करण्याआधी एक प्रश्न विचारा : "डॉक्टर, शुक्राणू सापडले तर त्याच वेळी गोठवून ठेवणार का?" तशी सोय नसेल, तर पुढे त्याच शुक्राणूंसाठी पुन्हा छेद घ्यावा लागू शकतो. सोय असलेलं ठिकाण आधीच शोधा.

आणि राजेहो, घरात सगळे सुनेलाच विचारत असतात. तिच्या सोनोग्राफ्या वर्षानुवर्षं चालू राहण्याआधी आपली वीर्यतपासणी करून घ्या. ती साधी आहे, तिला छेद लागत नाही. भेटूया पुढच्या भागात!