पोळीत गुंडाळलेले दुपारचे जेवण

मंडळी, शेतावर जाणारी बाई असो, शाळेला निघालेले पोर असो की एस्.टी.ने तालुक्याला चाललेले गुरुजी असोत, दुपारचे जेवण बरोबर न्यायचे म्हटले की सकाळी घरात घाई उडते. चार पोळ्या, वर थोडी चटणी किंवा लोणच्याची फोड, फडक्याला गाठ मारली की झाले. पोट भरते, यात शंका नाही. पण पोट भरणे वेगळे आणि अंगी लागणे वेगळे. आज एका लांबच्या मुलखातले दुपारचे जेवण पाहू. तेही पोळीतच गुंडाळलेले असते, शाकाहारी असते, हातात धरून उभ्या उभ्या खाता येते आणि सकाळी झटपट तयार होते. शहरांतल्या हॉटेलांत अशा गुंडाळीला हल्ली ‘रॅप’ म्हणतात.

आपण म्हणाल, परमुलखातले पदार्थ आम्हाला कशाला सांगता? तर त्यातले जवळजवळ सगळे जिन्नस आपल्या घरात आहेत म्हणून.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गातला नकाशा उघडावा. भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाला तुर्कस्तान, सीरिया, लेबानन, इस्रायल आणि पॅलेस्टाईन हे प्रदेश दिसतील. थोडे आत जॉर्डन आणि नैऋत्येला इजिप्त. या किनाऱ्यावर पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. अशा हवेत गहू, हरभरा, ऑलिव्ह आणि द्राक्षे चांगली येतात. आपला हरभरा मूळचा त्याच बाजूचा. आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात आणि आसपास सुमारे १०,००० वर्षांपूर्वी त्याची लागवड सुरू झाली. तिथून तो पूर्वेकडे आला आणि आपल्या काळ्या जमिनीत असा रमला की आज जगात सर्वांत जास्त हरभरा भारतात पिकतो.

तिकडे पोळीला अरबीत ‘खुब्झ’ म्हणतात. तिचे प्रकार अनेक. एक भट्टीत फुगणारी, मधे पोकळ राहणारी; तिच्या पोटात सारण भरतात. दुसरी अगदी पातळ आणि मोठी. ती ‘साज’ नावाच्या घुमटासारख्या लोखंडी तव्यावर भाजतात. साज म्हणजे पालथी घातलेली कढईच म्हणा ना! आपल्या खानदेशातल्या सुगरणी पालथ्या खापरावर पुरणपोळी टाकतात, ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना साज ओळखीचा वाटेल.

या पोळीत काय घालतात? घरोघरी चालणारी वस्तू म्हणजे ‘हुम्मुस’. अरबीत हुम्मुस म्हणजे हरभरा. पदार्थाचे पूर्ण नाव ‘हुम्मुस बि तहिनी’, म्हणजे तिळाच्या वाटणाबरोबर हरभरा. दुसरी वस्तू ‘लबने’. दही फडक्यात बांधून टांगायचे, पाणी निथळू द्यायचे आणि मीठ घालायचे, की झाले लबने. म्हणजे आपला चक्काच. आपण त्यात साखर घालून श्रीखंड करतो. ते मीठ घालून वरून तेल सोडतात. तिसरी वस्तू ‘फलाफल’, म्हणजे भिजवलेल्या हरभऱ्याचे तळलेले वडे. इजिप्तमध्ये हे वडे बाकल्याच्या डाळीचे करतात आणि त्यांना ‘तामिया’ म्हणतात.

फलाफल करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हरभरे फक्त भिजवायचे, शिजवायचे नाहीत. शिजवलेल्या हरभऱ्याचे वडे तेलात फुटतात, कारण त्यातला पिष्टाचा चिकटपणा शिजतानाच खर्ची पडलेला असतो. कच्च्या वाटणातले पिष्ट तळताना फुलते आणि वड्याला धरून ठेवते. डाळवडा करणाऱ्या बायकांना हे ठाऊकच आहे. मात्र वडा आतपर्यंत शिजला पाहिजे. कच्चा हरभरा पोटाला बाधतो.

घाईच्या दिवशी तळण नको. म्हणून आपण हुम्मुसची गुंडाळी करू. चार माणसांसाठी प्रमाण असे: काबुली हरभरे २०० ग्रॅम, तीळ ६ मोठे चमचे, लिंबे २, लसणाच्या पाकळ्या २, जिरेपूड अर्धा चहाचा चमचा, मीठ, एक काकडी, दोन टोमॅटो, एक कांदा, मूठभर पुदिना आणि कोथिंबीर, आणि गव्हाच्या ८ पोळ्या.

पदार्थ झटपट होतो तो आदल्या रात्रीच्या तयारीने. झोपण्यापूर्वी हरभरे भरपूर पाण्यात भिजत घालावेत. सकाळी ते फुगून जवळजवळ दुप्पट वजनाचे होतात. ते पाणी टाकून, नव्या पाण्यात बोटाने चुरडतील इतके मऊ शिजवावेत. कुकरात सहा-सात शिट्ट्या पुरतात. साल फार चिवट असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा, पण चिमूटभरच. जास्त सोड्याने हरभऱ्यातले ब जीवनसत्त्व नासते. काबुली हरभरे नसले तर घरची हरभऱ्याची डाळ घ्यावी. तिला साल नसते, ती लवकर शिजते आणि वाटणही गुळगुळीत होते.

हरभरे शिजेपर्यंत तीळ मंद आचेवर भाजावेत. तडतडू लागले की उतरवावेत. लाल झाले तर कडू लागतात. गरम असतानाच पाट्यावर किंवा मिक्सरात वाटावेत, म्हणजे तेल सुटते. वाटण फारच कोरडे राहिले तर चमचाभर तेल घालावे. ही झाली तहिनी. आता तिच्यात लिंबू पिळा. ती एकदम घट्ट होऊन गोळा धरील. बिघडले म्हणून घाबरू नका. थोडे थोडे गार पाणी घालून घोटत राहा, ती पुन्हा सैल आणि पांढरट होईल. मग लसूण, जिरे, मीठ आणि शिजलेले हरभरे घालून सगळे एकजीव वाटावे. श्रीखंडाइतके दाट झाले की पुरे. तिकडे वरून ऑलिव्हचे तेल सोडतात. ते आपल्याकडे बहुतेक परदेशातून येते आणि महाग पडते. त्याच्या जागी तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल वापरले तर चव वेगळी येईल, पण पदार्थ बिघडणार नाही.

आता गुंडाळी. काकडी, टोमॅटो, कांदा बारीक चिरावे. टोमॅटोचा रस निथळू द्यावा. पोळीवर आधी हुम्मुस पसरावे, कडेला दोन बोटे जागा सोडावी. कोशिंबिरीच्या फोडी हुम्मुसवर ठेवाव्यात, पोळीवर नव्हे. दाट वाटण मधे राहिले म्हणजे पोळी भिजत नाही. वर पुदिना, कोथिंबीर. खालची कड वर दुमडावी, मग दोन्ही बाजू आत घेऊन घट्ट गुंडाळावे. खाली मिटलेले असल्याने खाताना सांडत नाही. स्वच्छ फडक्यात किंवा डब्यात ठेवावे. वर्तमानपत्रात मात्र बांधू नये. शाई अन्नाला लागते, आणि विक्रेत्यांना तर अन्न वर्तमानपत्रात देण्याची २०१८ च्या नियमांनी मनाईच आहे. उन्हाळ्यात हुम्मुस, कोशिंबीर आणि पोळी वेगवेगळी न्यावी आणि सकाळी केलेले दुपारी संपवावे. उरलेले हुम्मुस संध्याकाळपर्यंत उन्हात राहिले तर टाकून दिलेले बरे.

ज्वारी-बाजरीच्या घरांतून प्रश्न येईल, भाकरीची गुंडाळी होईल का? होणार नाही, भाकरी मोडेल. गव्हाच्या पिठात ग्लुटेन नावाचा ताणला जाणारा चिकट पदार्थ तयार होतो, तो ज्वारीत नाही. शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग करून दाखवावा. कणकेचा एक घट्ट गोळा आणि ज्वारीच्या पिठाचा एक, असे दोन्ही पाण्यात हलके चोळत धुवावेत. ज्वारीचा गोळा विरघळून जाईल. कणकेतला पांढरा भाग वाहून गेला तरी हातात रबरासारखा गोळा उरेल. तोच पोळीला वळवतो. म्हणून भाकरी गुंडाळू नये, तुकडा मोडून हुम्मुस त्याने उचलावे. तिकडचे लोकही घरी बसून जेवताना पोळीच्या तुकड्यानेच हुम्मुस खातात.

एवढा खटाटोप कशासाठी, तेही सांगितले पाहिजे. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो हरभऱ्यात भरपूर आहे. हरभऱ्यात मेथिओनिन कमी, ते तिळात चांगले आहे. तिघे एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून काढतात. वर दिलेल्या प्रमाणात माणशी ५० ग्रॅम हरभरे येतात. त्यांतून साधारण १० ग्रॅम प्रथिने मिळतात, पोळीची आणि तिळाची वेगळीच. नुसत्या चटणी-पोळीत ही भर पडत नाही.

याहून मोठी गोष्ट लोहाची. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या. म्हणजे दर दोन बायकांमागे एकीहून अधिक. हरभऱ्यात आणि तिळात लोह आहे, पण वनस्पतींतले लोह शरीर सहजी घेत नाही. लिंबातले क जीवनसत्त्व त्याला मदत करते. चहा आड येतो. तेव्हा लिंबू विसरू नये, आणि जेवणाबरोबरचा चहा तासभर पुढे ढकलावा. खुरपणीला जाणाऱ्या बाईच्या फडक्यात ही गुंडाळी असावी, हे सांगण्याचे कारण तेच. एका पदार्थाने रक्तक्षय बरा होत नाही. ज्यांना थकवा, धाप, चक्कर आहे त्यांनी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.

आणखी एक धागा सांगतो. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे बेने इस्रायल लोक ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. १९४८ नंतर त्यांतले बरेच इस्रायलला गेले. तिथल्या दिमोना, अशदोद अशा गावांतल्या काही घरांत अजून मराठी कानी पडते, आणि बाहेर रस्त्यावरच्या दुकानांत हुम्मुस-फलाफलची भरलेली पोळी मिळते. म्हणजे हा पदार्थ मराठी माणसाच्या तोंडाला अगदीच नवा नाही.

तर मंडळी, आठवड्यातून एखादा दिवस ठरवा. त्याच्या आदल्या रात्री भांडी घासून झाली की वाटीभर हरभरे भिजत घाला. सकाळी जेवढ्या गुंडाळ्या होतील तेवढ्या करा, आणि एक गुंडाळी करणारीसाठीही आधीच बाजूला ठेवा. घरात सर्वांत शेवटी जेवते ती तीच.